सिद्रामअण्णांचं गोड रक्त

निपाणीच्या सिद्रामअण्णांना खऱ्या रक्ताची भीती. दाढी करताना ब्लेड लागलं तरी त्यांचे हातपाय गार पडत. आणि काम काय, तर शूटिंगसाठी रक्त बनवायचं! जत्रेतल्या नाटकांत नटांना रंग लावता लावता हे काम त्यांच्याकडे आलं. काकवीत खायचा लाल रंग आणि तो खऱ्यासारखा गडद व्हावा म्हणून चिमूटभर कोको घालायचा, घोटायचं आणि बोटावर घेऊन चाटायचं. नटाच्या तोंडात जाणारी वस्तू आधी आपल्या तोंडात, हा त्यांचा नियम.

"अवो, तुमच्या रक्ताला मुंग्या लागल्यात! झाकून ठेवा की," त्यांची बायको सुलाबाई स्वयंपाकघरातून ओरडायची.

त्या दिवशी बेळगुंदीच्या शेतात एका मालिकेचं शूटिंग होतं. टिळकवाडीच्या सूरज या नटावर कोयत्याचा घाव पडायचा होता. कोयता रबरी. अण्णांनी रक्ताची पिशवी सूरजच्या पोटावर, शर्टाच्या आत बांधली.

"पडताना हातानं दाब रं, मग फुटंल."

"अण्णा, आता मरायला बी तुमीच शिकवा," सूरज हसला.

घाव पडला. सूरज मागच्या कुंपणावर कोसळला आणि खाली लोळला. पोट लाल झालं. दिग्दर्शक नागेंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "कुणी हलायचं न्हाय. लई भारी पडलाय."

अण्णांची नजर मात्र सूरजच्या मांडीवर गेली. मांडीखालची माती भिजत होती. पिशवी घसरली काय? गाठ आपणच सैल मारली? पण पिशवीत पेलाभरच होतं, आणि ओल पसरतच चालली होती. सूरज कण्हत होता. पण कण्हायचं तर त्याला सांगितलेलंच होतं. मध्येच शॉट मोडला आणि काहीच निघालं नाही, तर पुन्हा कोण बोलावणार? तेवढ्यात कुंपणाचा तासलेला बांबू दिसला. त्याचं टोक ओलं होतं.

अण्णा गुडघ्यांवर सरकत पुढे गेले.

"अण्णा! फ्रेममधी शिरलासा की!" नागेंद्र ओरडला.

अण्णांनी मांडीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

खारट.

"हे माझं न्हाय!" ते किंचाळले. "माझं रक्त न्हाय हे! गाडी काढा रं!"

डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तरी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी जखमेवर दाबला. गाडीत बसले ते डोळे घट्ट मिटूनच. बोटांना ऊब लागत होती. इतक्या वर्षांत त्यांचं रक्त कधी हाताला गरम लागलं नव्हतं.

"अण्णा, मरतोय काय मी?" सूरजनं विचारलं.

"मला इचारू नगंस. मी बघतच न्हाय."

बेळगावच्या दवाखान्यात नर्सनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली, तेव्हा कुठे टॉवेल सुटला.

सूरज वाचला. महिन्याभरानं काठी टेकत कामावरही आला. अण्णांनी मात्र तेव्हापासून कोको घालणं सोडलं. रक्त भडक दिसतं, खोटं वाटतं, अशी नागेंद्रची रोजची तक्रार.

"वाटू दे," अण्णा बोट चाटत म्हणतात. "खोटं हाय ते लांबनं कळाय पायजे."