गिरणीमागच्या बाईंची तक्रार

मी हेगमधल्या एका छोट्या संस्थेत काम करायचे तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. ज्या देशासाठी ते काम चाललं होतं त्याचं नाव मी लिहीत नाही, आणि वाचणाऱ्यांनी ते ओळखायचा प्रयत्न करू नये एवढीच विनंती.

त्या देशात बरीच वर्षं आपसात लढाई चालली आणि मग करार झाला. करारात एक कलम होतं की देशात स्वतंत्र राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन करायचा. ज्यांची माणसं उचलून नेली, ज्यांची घरं जाळली, त्यांनी तिथे येऊन सांगायचं. आयोगाने चौकशी करायची आणि त्यात सरकारने हात घालायचा नाही. तक्रारी नोंदवून ठेवायची संगणकावरची व्यवस्था उभी करायचं काम आमच्या संस्थेकडे आलं आणि संस्थेत ते माझ्याकडे आलं. मी डेल्फ्टला शिकलेली, पुढे काही वर्षं झुइडास या बँकांच्या भागात एका कंपनीत डेटाबेसचं काम केलेली. पगार कमी झाला तरी चालेल, हे काम करायचं, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "कर. तू नाही करणार तर कोण करणार?" असं म्हणण्यामागे माझ्या वडिलांचा एक जुना प्रसंग होता. त्याच्याकडे येते.

आयोगाचं पाच जणांचं शिष्टमंडळ तीन आठवड्यांसाठी आलं. नियोजित अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश होत्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, गुडघे दुखायचे म्हणून जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबणाऱ्या. मी त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणायचे. आयोगाचे तीन कर्मचारी होते. आणि पाचवे एक गृहस्थ गृहमंत्रालयातले होते. समन्वयासाठी आलेत, असं आम्हाला कळवलेलं. अतिशय सभ्य माणूस. माझ्यासाठी दार उघडून धरायचे, माझ्या मुलीचं वय विचारून घेतलं होतं आणि तिच्यासाठी लाकडी बदक आणलं होतं.

पहिल्या आठवड्यात सगळा वाद सर्व्हर कुठे ठेवायचा यावर. ते गृहस्थ म्हणायचे, "आमच्या मंत्रालयात जागा आहे, वीज जात नाही, चोवीस तास पहारा आहे."

बाई म्हणायच्या, "पहारा आहे म्हणूनच नको."

दुसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांना व्यवस्था वापरून बघता यावी म्हणून एक चाचणीची प्रत तयार केली. दोन जिल्ह्यांत आयोगाने आधीच काही तक्रारी घेतल्या होत्या, एकूण एकेचाळीस. त्याच मी प्रतीत घातल्या. पण नावं, गावं, फोन नंबर या रकान्यांत खोटी माहिती भरून टाकणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि चालवला. तपासलं. सगळी नावं बदललेली होती. मग पाचही जणांना लॉगिन दिलं.

दोन दिवसांनी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. इथलं ऑफिसचं जेवण म्हणजे पाव, चीज आणि पेलाभर ताक. ते गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. पावाला लोणी लावता लावता म्हणाले, "छान व्यवस्था बनवलीत. वाचताना वाईट वाटतं हो. ती पिठाच्या गिरणीमागे राहणारी बाई. मुलगा ट्रक चालवायचा ना तिचा?"

मी हो म्हणाले असेन. ते हसले आणि ताक प्यायले.

मी जागेवर येऊन प्रत उघडली. नावाच्या रकान्यात खोटं नाव होतं. गावाच्या रकान्यात खोटं गाव. पण शेवटी एक मोठा रकाना होता, 'काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगा', आणि खाली त्याचं इंग्रजी भाषांतर. त्याला मी हातच लावला नव्हता. आणि लोकांनी आपल्या शब्दांत सगळं सांगितलं होतं. आमचं घर गिरणीच्या मागे आहे. माझा थोरला ट्रकवर होता. त्याला नेणाऱ्यांपैकी एकाला मी ओळखते, तो अमक्याचा जावई. खरी नावं, खरी गावं, शेजाऱ्यांची नावं. एकेचाळीसच्या एकेचाळीस.

मग कोणी काय केलं याची नोंद बघितली. आदल्या दिवशी दुपारी त्या गृहस्थांच्या लॉगिनवरून पूर्ण यादी उतरवून घेतली होती. उतरवून घ्यायचं ते बटणही मीच ठेवलं होतं.

 मी ती प्रत बंद केली, सगळी लॉगिनं काढून टाकली आणि स्वच्छतागृहात जाऊन दार लावून बसले. कोणालाही सांगितलं नाही. हे लिहायची लाज वाटते, पण त्या दिवशी मी कोणालाही सांगितलं नाही. हार्लेमला घरी परतणाऱ्या गाडीत लायडन स्टेशन येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की सभ्य माणूस आहे, सहज वाचलं असेल, कामासाठी उतरवून घेतलं असेल. लायडननंतर समजावता येईना.

मला माहीत होतं अशा कागदाचं काय होतं. माझे वडील मराठवाड्यातल्या एका गावात शिक्षक होते. आमच्या वस्तीतल्या एकाला विहिरीवरून मारहाण झाली तेव्हा तक्रार लिहून देणारे तेच, कारण लिहिता येणारे तेच. त्यांनी सकाळी तालुक्याला जाऊन तक्रार दिली. ज्यांच्याविरुद्ध होती त्यांच्या ओट्यावर तो कागद त्याच दिवशी दुपारी पोचला होता. वडिलांच्या अक्षरातला तोच कागद. मी तेव्हा सात वर्षांची. आई मला आणि भावाला घेऊन मामाकडे गेली ती आठ महिने. वडिलांना त्यांनी काय केलं ते घरात कधी बोललं गेलं नाही, पण त्यानंतर त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. तो कागद दुपारी तिथे नेऊन देणारा जो कोणी कारकून होता, त्याला मी जन्मभर मनात शिव्या दिल्या होत्या. आता त्याच्या जागी मी होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बाईंना मी आधीच हार्लेमला घरी जेवायला बोलावलं होतं. नवरा मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन गेला होता. मी पोळ्या आणि भरीत केलं होतं. बाई पहिला घास घेणार एवढ्यात मी म्हणाले, "थांबा. आधी मला काही सांगायचंय. नंतर तुम्हाला इथे जेवावंसं वाटलं नाही तर मी समजू शकते."

मी सांगितलं.  संपल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. 

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"आणि आज सांगताय."

"हो."

"एक दिवस गेला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "खऱ्या फोन नंबरांची यादी तुमच्याकडे आहे?"

यादी होती. जेवण तसंच ठेवून आम्ही त्याच टेबलावर बसलो. मी नंबर वाचायचा, बाईंनी फोन लावायचा. त्यांची भाषा मला येत नव्हती. प्रत्येक वेळी त्या तेच चार शब्द म्हणत, मग पलीकडे कोणीतरी भराभर बोलायला लागे. एकदा रडणं ऐकू आलं. एकदा एका पुरुषाने इतक्या मोठ्याने काही सुनावलं की बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि तो थांबेपर्यंत ऐकत राहिल्या. मी नावापुढे खूण करत होते. नवरा आणि मुलगी परत आले. मुलीने दारातूनच डचमध्ये विचारलं, या आजी कोण? आमचे चेहरे बघून ती वर गेली.

अंधार पडेपर्यंत चाळीस जणांपर्यंत निरोप पोचला. काही जण त्याच दिवशी घर सोडतो म्हणाले. गिरणीमागच्या बाईंचा फोन वाजत राहायचा आणि बंद पडायचा. रविवारीही तेच. सोमवारी फोन वाजेनासाही झाला.

सोमवारी मी आमच्या संचालकांना सांगितलं. ते डच, सरळ बोलणारे. त्यांनी मला कामावरून बाजूला केलं आणि जिथे जिथे कळवायला हवं तिथे कळवलं. मी घरी जाऊ का विचारलं तर बाई म्हणाल्या, "नाही. उद्याच्या बैठकीला तुम्ही हव्यात. काय झालं ते तुमच्या तोंडून जाऊ दे."

मंगळवारच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं.  माझी चूक काय, यादी कोणाच्या लॉगिनवरून कधी उतरवली गेली, सगळं. ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मी तर फक्त व्यवस्था तपासत होतो. तुम्हीच दिलेलं लॉगिन."

बाईंनी त्यांच्यासमोर एक पत्र ठेवलं. "या एकेचाळीस जणांपैकी कोणाला काहीही झालं, तर यादी तुमच्याकडे होती हे आता लेखी आहे. करारावर देखरेख करणाऱ्यांकडे एक प्रत गेली आहे. तुमच्या मंत्र्यांकडे एक गेली आहे. ही तुमची."

त्यांनी पत्र नीट घडी घालून खिशात ठेवलं. निघताना माझ्याजवळ थांबले आणि पहिल्यासारखंच हसून म्हणाले, "मुलीला बदक आवडलं?"

त्या संध्याकाळी हार्लेमला उतरल्यावर मी स्टेशनच्या जिन्यात थांबून मागून येणारी सगळी माणसं पुढे जाऊ दिली. मुलीला शाळेतून आणायला मी स्वतः जायला लागले. ती चिडायची, तिच्या वर्गातली सगळी एकेकटी सायकलवर घरी जात.  नवरा म्हणाला, "इथे तो काय करणार आहे?" मलाही ते पटत होतं. पटल्याने काही फरक पडत नव्हता.

ते गृहस्थ बुधवारीच देशात परतले. गुरुवारी सकाळी मी बाईंना भेटायला गेले असताना त्यांना फोन आला. त्यांनी ओळखीच्या एका नर्सला गिरणीमागच्या घरी पाठवलं होतं. बाई ऐकत होत्या आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"दाराला बाहेरून कुलूप आहे," त्यांनी मला सांगितलं.

"नेलं त्यांना?" मी विचारलं.

बाईंनी फोनमध्ये आणखी काहीतरी विचारलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसू आलं. "कोंबड्या नाहीयेत. खुराडं रिकामं आहे. उचलून नेणारे कोंबड्या नेत नाहीत आणि कुलूपही लावत नाहीत. ती स्वतःहून गेलीय."

तसंच निघालं. शुक्रवारी, म्हणजे मी गाडीत स्वतःला समजावत बसले होते त्याच संध्याकाळी, दोन माणसं गिरणीत येऊन ट्रकवाल्याच्या आईचं घर विचारत होती. गिरणीवाल्याने त्यांना उलट्या वाटेला पाठवलं आणि बायकोला मागच्या भिंतीवरून निरोप द्यायला धाडलं. गिरणीमागच्या बाई कोंबड्या पोत्यात घालून भावाकडे निघून गेल्या. घाईत फोन घरातच राहिला आणि बॅटरी संपून बंद पडला. त्या वाचल्या त्या गिरणीवाल्यामुळे. आमच्या फोनमुळे नाही.

सगळेच तसे सुटले नाहीत. एक म्हातारे शेतकरी आयोगाच्या जिल्ह्यातल्या तात्पुरत्या कार्यालयात येऊन म्हणाले, माझी तक्रार चुकून लिहिली गेली, माझा भाऊ परदेशी गेलाय, त्याला कोणी नेलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर टाके होते. बाईंनी खूप विचारलं, पण ते पायरीवरून पडलो एवढंच म्हणत राहिले. आणखी सहा जणांनी तक्रारी मागे घेतल्या. त्या सात जणांचं मी काय केलं ते मला माहीत आहे आणि त्याला कुठलंही दुसरं नाव देता येत नाही.

आयोग मात्र झाला. बाईंनी याच प्रकरणाच्या आधारावर संसदेत कायद्याचा मसुदा बदलून घेतला. तक्रारींची कागदपत्रं आयोगाच्याच ताब्यात राहतील, कोणतंही मंत्रालय ती मागू शकणार नाही, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करणं हा गुन्हा. ते कलम वाचताना मला माझाच गुन्हा वाचल्यासारखं झालं. सर्व्हर बाईंच्या आग्रहाने एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत ठेवला. त्या गृहस्थांवर काही कारवाई झाली नाही. त्यांची दुसऱ्या खात्यात बदली झाली, एवढंच कळलं.

तीन महिन्यांनी बाईंनी मला परत कामावर मागितलं. संचालकांनी आश्चर्याने विचारलं, याच का? बाईंनी लिहिलं होतं, "त्यांना आता भीती वाटते. मला तशीच माणसं हवी आहेत." आता मी प्रत्येक तक्रारीचं भाषांतर डोळ्यांनी वाचते, एकेक ओळ, आणि ओळख पटेल असं जे जे असेल ते हाताने झाकते. कोणी म्हणतं प्रोग्रॅम लिही, वेळ वाचेल. मी लिहीत नाही.

गिरणीमागच्या बाई कार्यालय उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात भावाला घेऊन आल्या. त्यांनी आपली तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मात्र संगणकावर लिहू दिली नाही. कागदावर लिहा, म्हणाल्या, आणि तुमच्या कपाटात ठेवा, किल्ली तुमच्याकडे ठेवा. आयोगाच्या बाईंनी तसं केलं. मुलगा अजून सापडलेला नाही. दर महिन्याला त्या कार्यालयात येतात, कपाट उघडायला लावतात, आपला कागद आहे ना ते बघतात आणि जातात.

मी एकदा बाईंना फोनवर विचारलं, गिरणीमागच्या बाईंना माहीत आहे का हे सगळं कोणामुळे झालं?

"मी सांगितलंय," बाई म्हणाल्या.

"मग?"

"विचारलं, तिला मुलं आहेत का. मी म्हटलं, एक मुलगी आहे. मग म्हणाल्या, कपाट उघडा."