काडीपैलवान आणि पुट्टीचा डबा

मोठी काच एकट्याने उचलायची नसते. दोन टोकं, दोन माणसं, काच उभी, आणि चारही पाय एका तालात. बोलायचं ते फक्त मागच्याने, कारण अख्खी काच त्याच्याच डोळ्यांसमोर असते. तेही दोनच शब्द: चल आणि थांब. तिसरा शब्द निघाला की काच गेली म्हणून समजा.

मामाच्या दुकानात बावीस वर्षं मागचं टोक मामाचं आणि पुढचं त्याच्या जोडीदाराचं. मग जोडीदाराच्या कंबरेने संप पुकारला. डॉक्टर म्हणाला, आता चहाच्या कपापेक्षा जड काही उचलू नका. तेव्हापासून तो दुकानात स्टुलावर बसून फोटोफ्रेमच्या काचा कापायचा आणि उरलेल्या वेळात सगळ्यांच्या कामावर शेरे मारायचा.

पुढचं टोक रिकामं झालं आणि त्यावर भाचीचा डोळा होता.

भाची एकवीस वर्षांची, मामाच्या थोरल्या बहिणीची लेक. चार वर्षं दुकानात. हात असा, की हिऱ्याने काचेवर रेघ मारली की काच लोण्यासारखी दुभंगायची. पण अंगाने काडी. वजन चव्वेचाळीस किलो, तेही चपला घालून. एकदा मामाने तिला दाराएवढ्या काचेचं पुढचं टोक धरायला दिलं. तिसऱ्या पावलाला हात लटपटले, कोपरा फरशीला टेकला, 'टिक्' असा बारीक आवाज झाला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हातमोजे काढले, घाम पुसला आणि म्हणाला, "काडीपैलवान, चौकातली नवी इमारत पाच महिन्यांत उभी राहतेय. तिच्या काचा आपण बसवणार. तोवर मला दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे. तू झालीस तर तू, नाहीतर बाहेरून आणतो. मग तू आपली टेबलावरच बरी."

"आणि मी झाले तर?"

"आधी हो तर. बोलून दंड फुगत नाहीत."

त्या भागात जिम म्हणावी अशी एकच. शाळेच्या मागच्या खोलीतली. बायकांसाठी मंगळवारी आणि शनिवारी सकाळी एक तास, बाकी दिवस कुलूप. चालवायची शाळेतली निवृत्त खेळाची बाई. गळ्यातली शिट्टी तिने नोकरीबरोबर सोडली नव्हती, म्हणून सगळ्या तिला शिट्टीबाई म्हणायच्या.

शिट्टीबाईने तिला पुढून-मागून बघितलं. "खातेस काय?"

"सगळं खाते."

"चिमणीएवढं सगळं. रोज अंडी, दूध, शेंगदाणे, भिजवलेले हरभरे. रात्री वेळेवर झोप. आणि वजन उचलायचं ते आठवड्याला थोडं थोडं वाढवत. घाई केलीस तर मामाच्या त्या जोडीदाराशेजारी तुझंही स्टूल लागेल."

दोन दिवस जिम, उरलेल्या पाच दिवसांचं काय? भाचीने दुकानातच सोय शोधली. पुट्टीचा डबा. काच चौकटीत पक्की बसवायला कणकेसारखी मऊ पुट्टी लागते, ती पंचवीस किलोच्या डब्यात येते. डब्याला तारेची कडी, कडीला लाकडी मूठ. रोज सकाळी मामा यायच्या आधी दुकान झाडायचं आणि मग डबा उचलायचा. कधी या हाताने, कधी त्या, कधी दोन्ही हातांनी छातीशी धरून बैठका.

पहिल्या दिवशी डबा गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच रुसला. दुसऱ्या आठवड्यात कंबरेपर्यंत. तिसऱ्यात छातीपर्यंत. महिना होता होता भाची डबा खांद्यावर टाकून दुकानात फेरी मारायला लागली. आरशात दंड बघायची. आरसे काय, दुकानभर होतेच.

घरी आई वैतागली. "अंडी संपली, दूध संपलं. काच उचलणार आहेस की डोंगर?"

"आई, पंचवीस किलो असे उचलते, असे!"

"मग तो कपाटावरचा पेटारा उतरव. वेड्यासारखी नुसती हवेत हात काय फिरवतेस?"

पेटारा काही उतरला नाही. भाची म्हणाली, पेटाऱ्याला मूठ नाही ना.

जिममध्येही गंमतच होती. तिथल्या दांड्यावर वीस किलोच्या पुढे गाडी सरकेना. भाचीने शिट्टीबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, राग मानू नका, पण इथली वजनं खोटी आहेत. वीस लिहिलंय, असतील तीस."

शिट्टीबाईने नुसती शिट्टी तोंडात धरली. वाजवली नाही.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस भाचीने ठरवलं, आता दाखवायचं. मामा हिशोबाची वही उघडत होता, जोडीदार स्टुलावर बसला होता. ती मधोमध उभी राहिली, डबा एका हाताने धरला आणि एका झटक्यात थेट डोक्यावर. हात सरळ. जराही थरथर नाही.

जोडीदाराचा कप ओठाशीच थांबला.

मामा उठला. डबा तिच्या हातातून घेतला, नुसता एका बोटावर तोलला आणि झाकण उघडलं. तळाशी चार बोटं पुट्टी होती.

"अगं," मामा म्हणाला, "शाळेच्या खिडक्या कशाने भरल्या? डॉक्टरांच्या घरच्या कशाने? यातूनच की! अर्ध्या खिडक्या तर तूच भरल्यास."

जोडीदार हसता हसता कंबर धरून वाकला. "पैलवान वाढला नाही, डबाच वाळला!"

भाचीचं तोंड त्या डब्याएवढंच रिकामं झालं. रोज स्वतःच्या हाताने सुरीभर सुरीभर पुट्टी काढायची आणि सकाळी वाटायचं, ताकद आली! ती टेबलामागे जाऊन बसली. तीन महिने उरले होते, आणि अर्धी मेहनत पुट्टीबरोबर खिडक्यांत जाऊन बसली होती.

संध्याकाळी झाडताना तिने कापलेल्या काचेचे तुकडे नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या जाड डब्यात टाकले. डबा सरकवायला गेली तर हलेना. ती तशीच वाकलेली राहिली. पुट्टीचा डबा रोज रिकामा होतो. हा रोज भरतो. थोडा थोडा. शिट्टीबाई म्हणते तस्साच.

दुसऱ्या दिवसापासून तुकड्यांच्या डब्यावर घट्ट झाकण, झाकणावर दोरी, सभोवती दुहेरी पोतं, आणि रोज सकाळी उचलायचा तोच डबा. भंगारवाला डबा न्यायला यायचा तेव्हा ती त्याला आधी काट्यावर ठेवायला लावायची. "एकोणीस," तो म्हणायचा. पुढच्या खेपेला "तेवीस." मग तिने त्याला सांगितलं, आता जरा उशिरा ये.

"लोक कचरा लवकर न्या म्हणतात," भंगारवाला म्हणाला, "ही राखून ठेवते."

आता ती आरशात बघत नव्हती, काट्यावर बघत होती. कधी कधी आठवडाभर काहीच हलायचं नाही. एकदा सर्दी झाली आणि दोन आठवड्यांची कमाई गेली. पण जिममधली वजनं हळूहळू खरी व्हायला लागली. वीसचे पंचवीस झाले, पंचवीसचे तीस. अंगावर चार किलो चढले. सदऱ्याच्या बाह्या दंडाला घासायला लागल्या. आणि एका रविवारी आईने बघितलं तर पेटारा खाली.

"कोणी उतरवला?"

"मूठ नव्हती," भाची म्हणाली, "पण उतरला."

इमारतीचा दिवस आला. दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, त्याची पुढची काच चोपन्न किलोची. लिफ्ट अजून बसायची होती. मामाने बाहेरचा माणूस सांगून ठेवला होता, तो जिन्याशी उभाच होता. मामाने भाचीकडे बघितलं, मग जिन्याकडे.

"जिन्यावर मागच्याला जास्त भार येतो," तो म्हणाला. "तू पुढे हो."

भाचीने हातमोजे चढवले. पुढचं टोक धरलं. चल. थांब. चल. पहिला मजला झाला. वळणावर काच भिंतीला टेकवली तेव्हा मामाचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि डावा हात तो पाठीमागे लपवून झटकत होता. भाचीने ते पाहिलं. ती त्याच्या बाजूने आली आणि मागच्या टोकापाशी उभी राहिली.

खालून बाहेरचा माणूस ओरडला, "येऊ का वर?"

"नको," मामाने सांगितलं. "माणूस आहे."

आणि तो पुढे जाऊन काचेला हात लावून उभा राहिला. पाठ तिच्याकडे. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला शब्दाची वाट बघायची होती.

भार खरोखरच जास्त होता. मांड्या पेटल्या, मनगटं ताठली. तुकड्यांच्या डब्याइतकाच तो जड होता, आणि तिच्या ओळखीचा होता. तिने काच नीट पाहिली. दोन्ही कोपरे. मामाचे पाय.

"चल," ती म्हणाली.

मामा चालला.