हॅनोव्हरला एक जीवनगौरव

सांगलीहून जर्मनीला निघताना बायकोनं बॅगेत मेतकूट, भाजणी आणि उपदेश भरले. मी एक शाल आणि एक नारळ भरला. लेक-जावई हॅनोव्हरला असतात, त्यांना भेटणं हे निमित्त. खरं कारण तोमो. हा क्रोएशियाचा चित्रपट दिग्दर्शक. आमच्या फिल्म सोसायटीत त्याचा पहिला चित्रपट दाखवला, तेव्हा अर्धे सभासद झोपले होते आणि उरलेल्या अर्ध्यांनी त्यावर वर्षभर चर्चा केली. आता तोमो हॅनोव्हरलाच राहतो, आणि तिथल्या एका छोट्या चित्रपटगृहात त्याच्या कारकिर्दीवर कार्यक्रम होता. मी सोसायटीचा अध्यक्ष, रिकाम्या हातानं जाणं शोभलं नसतं.

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्यानं नारळ कानाशी धरून हलवला.

"आत काय?"

"पाणी."

"कशासाठी?"

"मान देण्यासाठी."

त्यानं माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि दोघांनाही सोडून दिलं.

हॅनोव्हर नीटनेटकं शहर आहे. इतकं, की चालताना आपणच रस्त्यावर पडलेला कचरा आहोत असं वाटतं. सकाळी न्याहारीला ब्रोएटशेन (छोटे कडक पाव) असतात; दाताच्या डॉक्टरांची इथे चलती असावी. दिवस श्पार्गेलचे (पांढऱ्या शतावरीचे) होते. त्या भाजीसाठी ही शहाणी माणसं रांगा लावतात. मी चाखली. उकळलेल्या पाण्याला आकार दिला तर अशीच चव लागेल. लेकीनं वरून तूप-जिऱ्याची फोडणी घातली, तेव्हा घशाखाली उतरली.

लेकीला त्या संध्याकाळी ऑफिस होतं, म्हणून कार्यक्रमाला जावई आले. निखिलराव मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. कलात्मक चित्रपट म्हटलं की त्यांना तातडीची मीटिंग आठवते. पण सासऱ्यापुढे काय करतात!

पडद्यावर तोमोची कारकीर्द उलगडली ती अशी. तरुणपणी त्यानं आपल्या बेटावर पहिला चित्रपट काढला, बक्षीस मिळालं. मग देशात युद्ध पेटलं, तो जर्मनीत आला. दुसऱ्या चित्रपटाची समीक्षकांनी वाहवा केली, म्हणजे तो कोणी पाहिला नाही. तिसरा समीक्षकांनीही पाहिला नाही. त्यानंतर पोटासाठी तो कारखान्यांकरता सुरक्षेच्या फिल्म काढत राहिला: शिडीवर कसं चढावं, यंत्रात हात का घालू नये. त्यातला एक तुकडा लागताच निखिलराव खुर्चीत ताठ झाले.

"अहो बाबा, हे मी पाहिलंय! आमच्याकडे दरवर्षी कंपल्सरी असतं. आता बघा, तो शिडीवरून पडेल... गेनाऊ (अगदी बरोबर)! काय भारी पडतो ना?"

जावयानं तोमोचं काम माझ्याहून जास्त वेळा पाहिलं होतं. ही गोष्ट सोसायटीत कळता कामा नये.

मग तोमो स्वतः मंचावर आला. उंच, वाकलेला, सत्तरी ओलांडलेला. तो बोलत होता आणि निखिलराव माझ्या कानात मराठी करत होते. चौथ्या चित्रपटाची पटकथा तयार आहे. एक म्हातारा आपल्या बेटावर परत जातो, अशी गोष्ट. अनुदान समितीच्या बाई पहिल्या रांगेत आहेत, निर्णय याच आठवड्यात आहे. "मला अजून एक चित्रपट काढायचाय," एवढं म्हणून तो थांबला. मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की मराठी माणूस सत्कार करतो.

मी मंचावर चढलो. तोमोला शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि भाषण केलं: आपण आयुष्यभर कलेची सेवा केलीत, कार्य तडीस नेलंत, आता उर्वरित आयुष्य विश्रांतीत आणि सुखासमाधानात जावो. आपल्याकडे असलं भाषण ऐकून माणूस डोळे पुसतो, घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या समित्यांवर हजर होतो. त्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवत नाही. पण निखिलरावांनी इंजिनिअरच्या काटेकोरपणे त्याचं जर्मन केलं, एक शब्द गाळला नाही. समितीच्या बाई डोळे टिपत उभ्या राहिल्या.

"किती सुंदर निरोप!" त्या म्हणाल्या. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तोमो तेवढा वाजवत नव्हता. त्याच्या हातात नारळ होता.

आठवडा संपायच्या आत नकार आला. निखिलरावांना घेऊन मी त्याच्या घरी गेलो. शाल पांघरूनच त्यानं दार उघडलं.

"समिती म्हणते, माझी कारकीर्द परिपूर्ण झाली," तो म्हणाला. "तुमच्याकडे हा मान मिळाल्यावर माणूस काय करतो?"

"पुढच्या सत्काराची वाट बघतो."

तो हसला. मला हसू येईना. ज्याच्या कामावर मी जन्मभर प्रेम केलं, त्याला मीच थाटामाटात घरी बसवलं होतं. मी हात जोडून माफी मागितली.

"माफी ठेवा," तोमो म्हणाला. "चित्रपटासाठी माझ्याकडे म्हातारा नट नाही, त्याला द्यायला पैसेही नाहीत. तुम्ही कधी निघताय?"

निघायच्या दिवशी तो स्टेशनवर छोटा कॅमेरा घेऊन आला. मला शाल पांघरली, बॅग ओढत फलाटावरून चालायला लावलं. चाललो. "नोखमाल (पुन्हा एकदा)," तो म्हणाला. परत चाललो. पुन्हा नोखमाल. जर्मन गाड्या हल्ली आपल्यालाही लाजवतील इतक्या उशिरा येतात. ही वेळेवर आली आणि वेळेवर सुटली.

"अहो बाबा, गाडी!" निखिलराव ओरडले.

तोमोनं मान वर केली नाही. रिकामा रूळ त्याला जास्तच आवडला होता. त्याची पाठ ताठ झाली होती, आवाज चढला होता, आणि अध्यक्षाला तो पोरासारखं दामटत होता. पुढच्या गाडीनं कसाबसा विमानतळ गाठला.

सांगलीत सगळे विचारतात, जर्मनी कशी वाटली? मी स्वच्छतेबद्दल बोलतो. परवा निखिलरावांचा फोन आला. तोमो पदरच्या पैशानं बेटावर पोचलाय, शूटिंग चालू आहे. स्टेशनवरची माझी फक्त पाठ चित्रपटात ठेवलीय.

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"तो काढला, बाबा. तोमो म्हणतो, चेहऱ्यावर समाधान फार आहे."