बुटांतला कापूस

माझी मैत्रीण सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंठ्याच्या शाळेत पाचवीच्या वह्या तपासत होते. तिचे वडील, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, एवढंच बोलले, "मंदे, सायब लोक हिंदी-इंग्रजीत बोलू राह्यलेत... तू ये." घनसावंगीजवळच्या आमच्या गावी पोहोचले तोवर दारात बायका जमल्या होत्या. लढाई सुरू होऊन तिसराच दिवस होता, आणि सुजाता सीमेवर नव्हतीच. लष्करी पोलिसात होती ती. सीमेपासून लांबच्या एका छावणीत चौकात उभी राहून गाड्यांना वाट दाखवायची. "दिवे झाकलेल्या गाड्या असत्यात गं. मी पांढरे हातमोजे घालून नुसती हात हलवते," असं आदल्याच दिवशी फोनवर हसत म्हणाली होती. पोरगी सुरक्षित आहे, असं मीच नानांना पटवून ठेवलं होतं.

भरतीसाठी आम्ही दोघी उसाच्या फडांमधल्या रस्त्यावर पळायचो. बूट एकच जोड, तोही माझा. तिला मोठा व्हायचा, म्हणून नानांच्या शेतातला कापूस ती पुढे कोंबायची आणि तरी माझ्याहून जोरात पळायची. पुढच्या फेरीला कापूस काढून मी पळायचे... भरतीत मी उंचीत बसले नाही, ती लागली. नाना नको म्हणत होते. हट्ट धरला तो मीच. "नाना, पोरींला लढायला न्हाई पाठवत, बिलकुल काळजी करू नका." जाताना तिनं बूट परत दिले, शेवटच्या दिवशीचा कापूस आत तसाच.

पार्थिवासोबत आलेलं इंग्रजी पत्र नानांनी माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की पहाटे, अंधारात, आपल्याच ट्रकखाली ती गेली. मी मात्र वाचून दाखवलं, शत्रूच्या हल्ल्यात. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. आपल्याच गाडीखाली पोर गेली, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं! गावाला तेवढं पुरलं. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपावर भलामोठा फ्लेक्स लागला, 'शत्रूशी लढताना वीरमरण'. भन्तेजींच्या मागोमाग सगळे पंचशील म्हणू लागले आणि चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. तेवढं मी मान खाली घालून गाळलं. मान वर केली तर नाना माझ्याकडेच बघत होते.

लोक पांगल्यावर त्यांनी खिशातून तेच पत्र काढलं. "आता बराबर वाच."

मी वाचलं. ट्रकपाशी अडखळले तेव्हा म्हणाले, "तिच्या पेटीसंगं आल्ती ना ती वर्दीतली पोरगी, तिनं पहिल्याच दिवशी मराठीत सांगितल्तं मला. तू रडून राह्यली व्हतीस, मंग गप बसलो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या शब्दावर त्यांनी लेक पाठवली होती... बराच वेळ ते पत्राची घडी घालत बसले.

"त्या डायवरला झोप लागत असंल का गं?" एवढंच विचारलं आणि उठून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागले. दुसरं टोक मी धरलं.

बूट माझ्या कपाटात आहेत. सकाळी पुन्हा पळायला जावं म्हणून परवा बाहेर काढले. कापूस काढला की मला बसतील. अजून काढवत नाही.