ढवळे यांच्या माळ्यावरील गोधड्या

विवेक यशवंत ढवळे (१९५१–२०२३) हे निवृत्त लेखापाल पुणे सोडून परदेशात, माउंट रॉस्किल या उपनगरात, राहत. पत्नी निशाताई वारल्यावर त्यांनी शिवलेल्या गोधड्या ढवळे यांनी माळ्यावर नेऊन ठेवल्या आणि पुण्याच्या सवयीने, धूळ शिरू नये म्हणून, छपराखालच्या हवेच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. हिवाळाभर घरातली वाफ वर जाऊन थंड पत्र्याला लागत राहिली आणि पाणी होऊन गोधड्यांवर ठिबकत राहिली. वसंतात त्यांची कन्या मृणालिनी वर चढली, तेव्हा सगळ्या गोधड्या बुरशीने काळ्या पडल्या होत्या.

“बाबा, माळ्यावर हवा खेळायला नको का?”

“धूळ तर नाही ना बसली?” त्यांनी खालून विचारले.

“नाही, बाबा.”

ते पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागले.

त्यांच्या पश्चात मृणालिनीने फटी मोकळ्या केल्या. गोधड्या टाकाव्यात की ठेवाव्यात, हे अद्याप ठरलेले नाही.