लाइट गेली तर

धुळ्यात देवपूरला घरी बसून मी एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहिते. नेटवर्कमधल्या माहितीला वाट दाखवणं हे त्याचं काम. त्याचे भाग सुटे, ज्याला हवा तो त्याने जोडायचा. ‘प्रत्येक बदल लगेच सेव्ह करा, लाइट गेली तर सगळं पुसलं जाईल,’ असं वाक्य मी त्यात घातलं. परदेशातल्या सहकाऱ्याने ते काढून टाकलं. लाइट क्वचितच जाते म्हणे! माझं डोकंच फिरलं. धुळ्यात एक उन्हाळा काढून दाखव म्हणावं. मुद्दे जमवून त्याला व्हिडिओ कॉलवर फैलावर घ्यायला बसले. पहिलाच मुद्दा अर्धा झाला आणि लाइट गेली, नेटही गेलं.

तासाभराने पुस्तिका उघडली. वाक्य त्याने स्वतःच परत जागेवर ठेवलं होतं. माझे बाकीचे मुद्दे तसेच राहिले.