दाजींचा ताठ मानेचा अर्ज

इंग्रजी क्रियापदांची जेवढी काळजी आमच्या दाजींनी वाहिली, तेवढी खुद्द इंग्रजांनीही कधी वाहिली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कचेरीच्या आवारात लिंबाखाली टाइपरायटर मांडून ते लोकांचे अर्ज इंग्रजीत टाइप करून देत. शेजारचा टायपिस्ट सकाळीच आठ-दहा अर्ज उरकायचा. दाजींचा एकच अर्ज डबा उघडायच्या वेळेपर्यंत चालायचा. सारख्या अर्थाची दोन क्रियापदं समोर आली, की मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या बापासारखे ते दोघांचीही खोलात चौकशी करत. एकदा दौलताबादकडचा एक धनगर गडी, कारखान्यात नुकताच लागलेला, सासू वारली म्हणून रजेचा अर्ज करायला आला. आता ‘डाइड’ घालावं, ‘एक्स्पायर्ड’ की ‘पास्ड अवे’? दाजींनी चष्मा काढून विचारलं, “म्हातारी शांत गेली का?” गडी म्हणाला, “नाय जी, भांडतच गेली.” ‘पास्ड अवे’ तिथंच बाद झालं, आणि उरलेल्या दोहोंत निवड होईस्तोवर सासूचा तिसराही उरकला. घरीही तेच. “ऐकताय ना?” असं ताईनं विचारलं, की ते ‘हिअर’ की ‘लिसन’ यावर विचार करत बसायचे. ताईच्या मते ते दोन्ही करत नसत.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावासाठी आमच्या वस्तीतली माणसं मोर्च्यात लाठ्या खात होती, आणि तिकडं चिकलठाण्याच्या कारखान्यांत भरती चालू होती. माझे वडील वीटभट्टीवर राबायचे. मला ती नोकरी हवीच होती. त्या काळी अर्जाची सुरुवात ‘आय बेग टू स्टेट’नंच व्हायची. बेग म्हणजे भीक मागणं, पण रिवाजच तसा होता. दाजी तो शब्द टाइप करीनात. ‘रिक्वेस्ट’ पुरेसं आहे का, ‘आस्क’ उद्धट होतं का, यात दोन दिवस गेले. शेवटच्या दिवशी मी हात जोडले, तेव्हा ते म्हणाले, “पाव्हणं, लोकं नावासाठी डोकी फोडून घ्यायलेत, अन् तुम्ही कागदावर भीक मागायलात व्हय?” मग ‘रिक्वेस्ट’ ठोकून अर्ज माझ्या हातात दिला.

मी मान डोलावली आणि थेट बसस्टँडजवळच्या दुसऱ्या टायपिस्टकडे गेलो. त्याच्याकडून ‘बेग’वाला अर्ज करून घेतला आणि तोच कारखान्यात दिला. दाजींचा खिशातच राहिला. नोकरी लागली.

दाजींनी आवारभर पेढे वाटले. “भीक न मागता लागला आमचा पाव्हणा,” हे ते पुढं वर्षानुवर्षं सांगत राहिले. ते ऐकून वस्तीतली पोरं त्यांच्याकडेच येऊ लागली. तेच ‘रिक्वेस्ट’ घेऊन कुणी चिकलठाण्याला लागलं, कुणी वाळूजला. कुणी बजाजनगरात घर केलं. पहिली ओळ बहुधा कुठलाच साहेब वाचत नसावा.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरं काय ते सांगायचं अनेकदा ओठांवर आलं, पण त्यांचा आनंद मोडवला नाही; आणि लाज वाटायची, अजूनही वाटते. ती पोरं आता आजोबा झालीत. भेटली की म्हणतात, “तुमच्यापासून सुरुवात झाली, भाऊ.” त्या सगळ्यांत भीक मागून लागलेला मी एकटाच.